फर्लोचा जामीनदार

आमचे हे गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक. कैद्याला मधूनमधून रजेवर घरी सोडावं, घरच्यांत राहूनच माणूस सुधारतो, हे त्यांनी इतक्या सभांतून सांगितलंय की मला ते भाषण पाठ आहे. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या बुद्धविहारात त्यांचा सत्कारही झाला. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ किसन येरवड्यात खुनाची शिक्षा भोगतोय, हे तेव्हा कुणीच काढलं नाही.

एक्याण्णव साली किसनला फर्लो, म्हणजे तुरुंगातून रजा, पुन्हा मिळायची वेळ आली. हवालदार चौकशीला घरी आला.

"सर, जामीन कोण राहणार? लास्ट टाइमला रजा संपली तरी वांगणीला जाऊन बसला होता. तुम्हीच शोधून आणला ना?"

ह्यांचा चेहरा पडला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या आतून म्हणाल्या, "शंकर, एकदा त्याला बघू दे रे मला."

ह्यांनी सही केली.

किसन आला तसं ह्यांनी कॉलेजात रजा टाकली. मला वाटलं, भावासाठी. कसलं काय! दाराशी खुर्ची टाकून बसले. किसन नळावर गेला की हे गॅलरीत. तो दाढी करायला सलूनला निघाला की ह्यांच्या पायात चपला. पेपर तोंडासमोर धरायचे, पण पान काही उलटायचं नाही.

मी चिडून म्हटलं, "अहो, भाऊ आहे तो तुमचा!"

"तो पळाला तर उद्या माझं कोण ऐकेल?" म्हणाले. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला. मीही इतकी दमले होते की भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

रजा संपायला दोन दिवस असताना किसननं पिशवी भरली. आईला चार घास भरवले, तिच्या पाया पडला आणि येरवड्याला परत निघाला.

"भाऊजी, राहा की दोन दिवस," मी म्हटलं. "आईंना बरं वाटतंय."

"नको वहिनी. दादा पार थकलाय. तिकडचा शिपाई निदान ड्युटी संपली की घरी जातो."

हे दारातच होते. त्यांनी सगळं ऐकलं. खुर्ची बाजूला घेतली आणि किसनला वाट दिली.

आतून सासूबाई रडत ओरडत होत्या, "शंकर, थांबव रे त्याला!"

हे हलले नाहीत. इतके दिवस त्याच्या पावलावर पाऊल टाकून फिरले, आणि मागे जायला हवं होतं तेव्हा नेमके उभे राहिले.