बागेच्या फाटकावरचे कुलूप

मित्रांनो, जयपूरच्या वैशाली नगरात, एका कॉलनीच्या बागेच्या फाटकावर लटकणारे जुने पितळी कुलूप मी. जन्म अलीगढचा. किल्लीचे दात बरोबर बसले, की माझ्या आतल्या पट्ट्या उचलल्या जातात आणि मी उघडते. किल्ली कोणाच्या हातात आहे, हे बघून नाही म्हणण्याची सोय मला नाही.

बाग सरकारी, म्हणजे सर्वांची. तरी २००३ साली कॉलनीच्या कमिटीने मला फाटकाला लावले आणि बंगल्याबंगल्यांत किल्ल्या वाटल्या. "पक्का ताला है," सेक्रेटरी माथुरसाहेब मला खेचून बघत म्हणाले. त्या कौतुकाने मी सुखावले. मग कळले, मागच्या वस्तीतली मुले झोपाळ्यावर बसत, ते कोणाला खपत नव्हते.

बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या केसरची लहान मुलगी सोहनी फाटकाचे गज धरून आत बघत राहायची. एका संध्याकाळी विमा अधिकाऱ्याच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी आपल्या किल्लीने मला उघडले आणि तिला आत नेले. दुसऱ्याच दिवशी कमिटीने त्यांची किल्ली काढून घेतली.

मग बाई फाटकाबाहेर सतरंजी टाकून बसल्या. शेजारी केसर, वस्तीतल्या बायका. 'बाग सबकी है' असा पुठ्ठ्याचा फलक माझ्या कडीत अडकवला.

"आई, मतलब आता मीपण आत नाही जायचं?" बाईंच्या भार्गवीने विचारले.

"सोहनी जाईल तेव्हा तूही जा."

केसर हसली. "भाभीजी, आप यहाँ धूल में बैठी हो, साहब खाना बना लेते हैं?"

"जला लेते हैं," बाई म्हणाल्या.

माथुरसाहेब मात्र शांत होते. "बैठने दो. अफसर की बीवी है, ट्रान्सफर तो होगा ही."

झालीच बदली, थेट गुवाहाटीला. निघताना बाईंनी केसरचा हात धरला. "छोड़ना मत." केसरने सोडले नाही. पण एकेका बंगल्याने तिला कामावरून काढले, तशा बाकीच्या बायका धास्तावून उठल्या. अखेर सतरंजी झटकून केसरही उठली. मनात कितीही आले, तरी एकही पट्टी मला स्वतःहून हलवता येत नव्हती.

आता माझ्या कडीला गंज चढला आहे. मोठी झालेली सोहनी रोज बागेत येते. माथुरसाहेबांचा नातू सांभाळण्याचे काम तिला मिळाले आहे, म्हणून तिच्याजवळ किल्ली आहे. नातू झोपाळ्यावर बसतो, ती झोका देते. शेजारचा झोपाळा रिकामाच असतो. तिने अजून त्याला हात लावलेला नाही.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. एखाद्या बागेला कुलूप दिसले, तर ते कोणाला बाहेर ठेवायला लावले आहे, एवढे मोठ्या माणसांना विचारा. मला विचारता येत नाही.