भरलेले झाकण आणि उपाशी पिल्ले

मी बिस्किटांच्या डब्याचे जुने झाकण. माझा डबा गंजून कधीच भंगारात गेला. पुढे बरीच वर्षे मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनवर बटणे सांभाळत पडून होते.

एके दिवशी अंगणातल्या खुडूक कोंबडीच्या अंड्यांतून सात पिल्ले बाहेर आली. बाईंनी बटणे ओतून काढली, मला स्वच्छ धुतले आणि बारीक भरडलेले धान्य घालून पिल्लांपुढे ठेवले. मित्रांनो, पत्र्याच्या झाकणाच्या अंगावरही मूठभर मांस चढते बरे!

कोंबडी मात्र आली तीच पाय झाडत. दाणे उधळले. मग एकेक दाणा चोचीत घ्यायची, टाकायची आणि सारखी टुकटुक करायची. बाईंनी खिडकीतून ते पाहिले.

"काय हावरट आहे ही! पिल्लांच्या तोंडचं खाते," असे म्हणून त्यांनी कोंबडीला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला टोपलीखाली कोंडले, मला काठोकाठ भरले आणि स्वतः मशीनवर शिवायला जाऊन बसल्या. मलाही बरे वाटले. लाथा तरी चुकल्या.

दुपार झाली. मी भरलेले होते आणि पिल्ले माझ्याभोवती उपाशी फिरत होती. दोन तर धान्यातच झोपली. पायाखाली आहे ते खायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सर्वांत धाकट्या पिल्लाने मान खाली टाकून डोळे मिटले. माझ्याजवळ एवढे अन्न होते, पण मला त्याला हाक मारता येईना. मला माझीच लाज वाटली.

बाई बाहेर आल्या. "का खात नाहीत ही? एवढं पुढ्यात ठेवलंय."

त्यांचे म्हातारे सासरे दारातून म्हणाले, "पुढ्यात ठेवलं म्हणजे झालं का गं? सोड तिला. ती खात नव्हती, खायला शिकवत होती."

"मला वाटलं..." म्हणत बाई अंगणाच्या टोकाला गेल्या. त्यांनी टोपली उचलली.

कोंबडी धावत आली आणि आधी मला एक लाथ बसली. मग तिने एक दाणा धाकट्यापुढे टाकला. टुकटुक. त्याने डोळे उघडले. पुन्हा दाणा, पुन्हा टुकटुक. तिसऱ्यांदा त्याने चोच मारली. त्या लाथेचा मला जराही राग आला नाही.

सासऱ्यांचे ताट बाई रोज त्यांच्या खाटेजवळ ठेवत आणि लगेच मशीनकडे वळत. ते अर्धे तसेच परत येई. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी ताट ठेवले आणि शेजारी स्टूल ओढले.

"आज मशीन बंद?" सासऱ्यांनी विचारले.

"बसते थोडा वेळ. आधी भाजी घ्या, बाबा, गार होईल."

ताट रिकामे झाले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी लहान, म्हातारे किंवा आजारी असेल, तर वाढून झाल्यावर जरा जवळ बसा. नुसते अन्न पुढ्यात ठेवणे तर माझ्यासारख्या झाकणालाही जमते.