सगुणाबाईंची राजवट

टेंभुर्णीचे बद्रीनाथ मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. वर्गात कुणी ऐकत नसे, म्हणून त्यांनी राज्यघटना घरातच लागू केली.

वडील गेले आणि घराचं संघराज्य झालं. मास्तर स्वतः केंद्र; त्यांची बायको केशरबाई केंद्राच्या चुलीपाशी. धाकटा भाऊ भुजंग आणि त्याची बायको बेबीनंदा मागच्या दोन खोल्यांत, ते राज्य. नांगरणी, जनावरं, विहिरीची मोटर, म्हणजे उन्हात करायचं ते सगळं राज्याकडं. पैसा आणि पाहुणे केंद्राकडं. सामाईक यादीत अंगण तेवढं उरलं. ते झाडायचं बेबीनंदानं आणि कसं झाडायचं ते ठरवायचं मास्तरांनी. सगळ्यांच्या वर राष्ट्रपती म्हणून आई, सगुणाबाई.

"माय, तुह्या नावाशिवाय घरात पान हलणार न्हाई," मास्तर म्हणाले. सगुणाबाई हरखल्या. जन्मात पहिल्यांदाच कुणी त्यांना खुर्ची दिली होती.

त्या वर्षी भुजंगनं मोसंबीचा बाग परस्पर हैदराबादच्या व्यापाऱ्याला दिला. भाव चांगला मिळाला, हीच मास्तरांची खरी पोटदुखी. पण पोटदुखीला घटनेत कलम नाही, म्हणून त्यांनी तीनशे छप्पन्न काढलं.

"परराज्याशी व्यापार हा केंद्राचा विषय हाय. राज्याचा कारभार घटनेप्रमाणं चालून न्हाई राह्यला. आजपासून राष्ट्रपती राजवट!" अंगणात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, आणि भुजंगच्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. राष्ट्रपती तेव्हा जालन्याला, मस्तगडात लेकीकडं गेल्या होत्या.

त्या परतल्या तेव्हा भुजंग समोरून गेला, पण बोलला नाही. शेतातून आल्यावर आधी आईच्या खाटेवर टेकणारा लेक तो. सगुणाबाई त्याच्यामागं खोलीत गेल्या, तर बेबीनंदा गाठोडी बांधत होती.

"तुमीच चूल बंद करायला सांगितली ना, आत्याबाई? मंग आता आमी चाल्लो घनसावंगीला, माह्या माहेरी. जीप येऊन राह्यली."

"म्या? म्या कव्हा सांगितलं?" सगुणाबाई म्हणाल्या. त्या तशाच मास्तरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"माय, तुला काही सांगावंच लागत न्हाई," मास्तर समजुतीनं म्हणाले. "सल्ला आमचा, नाव तुहं. घटनेतच हाय तसं."

"अन् पोरगं घर सोडून चाल्लं, ते कोनाच्या नावावर?"

"तेबी तुह्याच."

मास्तर प्रामाणिक होते. प्रश्नाचं उत्तर चुकीचं द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

सगुणाबाई वळल्या. सरळ केंद्राच्या स्वयंपाकघरात शिरल्या, चुलीतले निखारे, होता नव्हता तेवढा इस्तव, घमेल्यात ओढला आणि अंगण ओलांडून भुजंगच्या चुलीत नेऊन ओतला. मास्तर मागं धावले.

"माय, सल्ल्याशिवाय राष्ट्रपतीला असं करता येत न्हाई! हे घटनाबाह्य हाय, बिलकुल घटनाबाह्य!"

"चूल माह्या नावानं इझली ना? मंग माह्याच नावानं पेटली. बेबीनंदे, पीठ काढ. भूक लागली मला."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. भुजंग गाठोडं धरून दारातच थांबला होता. आई फुंकणीनं फुंकत होती, धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं; ते नुसत्या धुरानं नव्हे, हे त्याला कळलं. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि जीपवाल्याला हातानंच जायला सांगितलं.

मास्तर तावातावानं आपल्या घरात आले. "केशर, ताट वाढ!"

"थांबा जरा," केशरबाई म्हणाल्या. "भाकरी व्हायची हाय अजून. इस्तव राष्ट्रपतींनी नेला."