टिडवेलांचं भांडण आणि सिनेमावाले

माझ्या दोन भावांमध्ये विस्तव जात नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही टिडवेल भावंडं: हॉइट थोरला, लमार धाकटा, मी मधली. डॅडींनी जमिनीचे तुकडे पाडले तेव्हा मधला तुकडा मला दिला, घरासकट, तळ्यासकट. "ओलेटा मध्ये असली की कुंपण घालायला नको," असं म्हणाले. डॅडी गेले आणि मी कुंपण होऊन बसले.

मी जन्मभर शाळेची बस चालवली. बसमधली पोरं भांडत, केस ओढत, पण ज्याचं त्याचं घर आलं की उतरून जात. या दोघांचं उतरायचं ठिकाण कधी येतच नाही. लमारच्या शेळ्या हॉइटच्या चवळीत शिरतात. मग हॉइट लमारच्या वाटेत ट्रॅक्टर आडवा लावतो. एकमेकांशी थेट बोलायचं नाही, असा यांचा नियम. म्हणून दोघंही माझ्या दारात.

"लमारला सांग, ती काळी शेळी परत दिसली तर कापून खाईन."

"त्याला सांग, आधी दात बसवून घे म्हणावं. मग शेळी खा."

मी एका हाताने भेंडी तळायची आणि दुसऱ्या हाताने यांचं टपाल वाटायचं.

हे सगळं ज्यावरून सुरू झालं त्याचं मात्र दोघंही नाव काढत नाहीत. ममा गेली तेव्हा लमार समुद्रात, तेलाच्या कामावर होता. निरोप मिळाल्यावर निघाला, पण मिसिसिपीत, मेरिडियनजवळ, त्याची गाडी बंद पडली. दफनाला पोचला तेव्हा फावड्याने माती सारखी करत होते. टोपी हातात घेऊन तो तिथे उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर हॉइटला म्हणाला, "तुला घाई झाली होती." हॉइट पाठ फिरवून निघून गेला. खरं तर हॉइट त्याच्यासाठी थांबला होता. पाद्रींना थांबवून ठेवलं होतं, लोकांना थांबवून ठेवलं होतं. हे मी लमारला कितीदा सांगितलं. "तू त्याचीच री ओढणार," एवढंच तो म्हणायचा.

तर अशा घरात एका वसंतात जोसलिन नावाची बाई अटलांटाहून आली. डोक्यावर गवती टोपी, पायात चिखलाचे बूट. ती सिनेमाची दिग्दर्शिका होती आणि तिला जुनं घर हवं होतं, पुढे ओसरी आणि मागे तळं असलेलं.

"कसला सिनेमा?" मी विचारलं.

"विनोदी आहे, मिस ओलेटा. खेड्यातलं एक भांडकुदळ कुटुंब."

मला इतकं हसू आलं की पायरीवर बसावं लागलं. ती बिचारी घाबरली, पाणी आणू का म्हणाली.

मी हो म्हटलं. छप्पर गळत होतं, ते दुरुस्त करून देणार होते. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, परकी माणसं घरात वावरली की या दोघांना लाज वाटेल. थोडे दिवस तरी शांतता मिळेल.

शांतता कसली! सिनेमावाल्यांना लमारची काळी शेळी आवडली. तिला सिनेमात काम मिळालं. हॉइटला ते कळलं आणि शेळीचं दृश्य सुरू झालं रे झालं की कुंपणापलीकडे यांत्रिक करवत घरघरू लागली. आवाज टिपणारा मुलगा कानावरचं यंत्र काढून डोकं धरून बसायचा. जोसलिन हॉइटशी बोलायला गेली तर तो म्हणाला, "मॅम, माझी लाकडं मी कधी कापायची हे आता शेळी ठरवणार का?"

बाई हुशार. तिने सिनेमात हॉइटला काका केलं, लमारला मामा केलं आणि दोघांना तिथल्या जेवणाच्या टेबलावर बसवून टाकलं. करवत बंद झाली.

त्या जेवणाच्या दृश्यात सिनेमातले दोन भाऊ भांडतात. थोरल्याचं काम करणारा प्रेस्टन कॅलिफोर्नियाचा, देखणा, सभ्य. त्याने टेबलावर मूठ आपटली, ओरडला, बशी फोडली. सगळे वाहवा म्हणाले. हॉइटने मात्र काटा खाली ठेवला.

"असं कुणी भांडतं का?"

"का? काय चुकलं?" प्रेस्टनने विचारलं.

"एवढ्यात ओरडायचं नाही. आधी गप्प व्हायचं. कॉर्नब्रेडची बशी पुढे करायची. पण त्याच्या हाताला लागेल इतकी नाही, जराशी अलीकडेच ठेवायची."

"आणि मी ती घ्यायची नाही," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून लमार म्हणाला. "मी म्हणायचं, ममा करायची ती कॉर्नब्रेड वेगळी."

"मग मी म्हणायचं, तुला काय माहीत, तू होतास कधी घरी?"

"मग मी उठायचं. पण खुर्ची मागे सारायची नाही. उचलून ठेवायची, हळू."

"ते बरोबर," हॉइट म्हणाला. "ते फार झोंबतं."

सगळी मंडळी यांच्याकडे बघत होती. जोसलिन म्हणाली, "एकदा करून दाखवाल?" त्यांनी करून दाखवलं. बशी अलीकडे राहिली, खुर्ची हळू ठेवली गेली, आणि शेवटी असा काही आवाज चढला की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. मग जोसलिन म्हणाली, "कट." आणि दोघं थांबले. हॉइटने लमारकडे चहाचा जग सरकवला. लमारने गार चहा ओतून घेतला, वर म्हणाला, "साखर कमी आहे." हॉइट म्हणाला, "हो ना."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, यांचं भांडण म्हणजे चक्रीवादळ, माणसाच्या हातातलं नाही. खिडक्या लावून बसून राहायचं. आणि हे तर कुणी थांबा म्हटलं की थांबत होते. मीही थांबा म्हणत आले होते, ममा गेल्यापासून. माझं ऐकू आलं नव्हतं, की मी म्हटलेलं मोजायचंच नव्हतं? मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले. जोसलिन दारात येऊन म्हणाली, "मिस ओलेटा, बरं नाही का?"

"दमलेय गं," मी म्हटलं. "आजची नाही."

दोनतीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत सगळे अक्रोडाच्या झाडाखाली बसले होते. प्रेस्टन संवादांची वहीबिही न घेता नुसताच हॉइटजवळ येऊन बसला. म्हणाला, "मिस्टर हॉइट, मला एक कळत नाही. मी ज्याचं काम करतोय तो माणूस भावावर चिडलाय, ते ठीक. पण आत काय आहे त्याच्या?"

मला वाटलं हॉइट थट्टेवारी नेईल. त्याने हातातला मासा ताटात ठेवला, बोटं पुसली. लमार पलीकडे शेळीला पाला घालत होता, पाठ करून.

"मी थांबलो होतो," हॉइट म्हणाला. "आईला उन्हात ठेवून थांबलो होतो. फुलं करपली. पाद्री म्हणाले, हॉइट, आता पुरे. तरी मी रस्त्याकडे बघत होतो. धूळ उडाली की वाटायचं, आलाच. मग खड्ड्यात उतरवली तिला. आणि हा आला आणि म्हणाला, घाई झाली."

लमारचा हात तसाच राहिला. शेळीने पाला ओढून घेतला तरी हात पुढेच. मग त्याने तिची दोरी सोडली आणि वळूनही न बघता घरी गेला.

त्या रात्री मला वाटलं, आता काहीतरी होईल. सकाळी लमार लवकर आला. मी कॉफी ठेवली. हॉइटही आला. लमार म्हणाला, "ओलेटा, त्याला सांग, काल तो माझ्या खुर्चीवर बसला होता." आणि हॉइट म्हणाला, "त्याला सांग, खुर्चीवर नाव कोरून घे."

मी चुलीकडे तोंड केलं. मी यांचे किती निरोप वाहिले होते. कामाचा एकच होता, तो माझ्याशिवाय पोचला, आणि पोचूनही काही झालं नाही.

सिनेमावाले गेले. छप्पर नवं, ओसरी त्यांनी पिवळी रंगवलेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. भांडणाला नवा विषय मिळाला: दोघांत काम कुणाचं चांगलं झालं. एका सकाळी हॉइट दारात आला.

"लमारला सांग—"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मी सांगणार नाही. तो बघ, तिथे खांबाला खिळा मारतोय. हाक मार."

जणू फ्रिजच बोलायला लागला, असा तो माझ्याकडे बघत राहिला. मग पाय आपटत निघून गेला. हाक काही मारली नाही. त्या आठवड्यात मी गावातल्या चर्चच्या मागे एक घर बघितलं. दोन खोल्या. तळं नाही, पुढे बघायला काही नाही. शेजारी एक बहिरी म्हातारी. मला ते फार आवडलं.

पुढच्या वर्षी सिनेमा पूर्ण झाला. जोसलिनने आधी आमच्याकडेच दाखवायचं ठरवलं, शाळेच्या सभागृहात, शनिवारी दुपारी. सगळा तालुका लोटला. आम्ही तिघं एका रांगेत, मी मध्ये.

लोक खूप हसले. शेळीला टाळ्या पडल्या. सिनेमात एक बहीण होती, गोलमटोल. भाऊ भांडायला लागले की ती हातात पीच-पाय, पीच भरून भाजलेलं गोड पक्वान्न, घेऊन यायची आणि घेरी येऊन त्यातच पडायची. दरवेळी. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू. पुढच्या बाकावर बसलेली आमची शेजारीण लुएला मागे वळून म्हणाली, "अगं ओलेटा, ही तूच की!"

"हो," मी म्हटलं. "मीच." मी आयुष्यात एकदाही पीच-पाय पाडला नव्हता. पाडला असता तर कदाचित बरं झालं असतं.

मग जेवणाचं दृश्य आलं. बशी अलीकडे राहिली. खुर्ची हळू ठेवली गेली. आणि प्रेस्टन तोंडात घास घेऊन म्हणाला, "मी थांबलो होतो." नेमकं त्याच वेळी धाकट्या भावाच्या मांडीवर पुडिंगचं भांडं उलटलं. आम्ही तिघं सोडून सगळं सभागृह हसून फुटलं.

बाहेर कडक ऊन होतं. लोक येऊन पाठ थोपटत होते. आम्ही ट्रकपाशी पोचलो तेव्हा लमारने टोपी काढली. माझ्याकडे बघून नाही, सरळ हॉइटकडे बघून म्हणाला, "खरंच थांबला होतास?"

"ऊन असंच होतं," हॉइट म्हणाला. "आणखी किती थांबणार?"

"फोन करायचास."

"कुठे करायचा? रस्त्यावर?"

"पेट्रोलपंपावर करायचास! मेरिडियनच्या पुढे एकच तर पंप आहे!"

"तू करायचास! तुझी गाडी बंद पडली होती, माझी नाही!"

"माझ्याकडे सुटी नाणी नव्हती, हॉइट! मी पंपावरच्या माणसापुढे रडलो, नाण्यांसाठी!"

"मग ते सांगायचंस! एवढी वर्षं शेळ्या कसल्या सोडतोस माझ्या रानात!"

लोक थांबून बघायला लागले. कुणाला वाटलं, सिनेमाचंच काहीतरी चाललंय, एक-दोघे हसलेसुद्धा. मी मध्ये पडले नाही. ट्रकमध्ये जाऊन बसले, काच वर केली. आतून शब्द कळत नव्हते. हॉइट हात हलवत होता, लमार टोपीने मांडी झोडत होता. मग लमार चाकाजवळ खाली बसला आणि हॉइट त्याच्याजवळ उभा राहिला. त्याच्या सावलीत लमार बसला, एवढं मला दिसलं. मी डोळे मिटले. झोपच लागली मला.

ते सुधारले असं मी म्हणणार नाही. चवळीवरून अजून भांडतात. फक्त आता एकमेकांशी भांडतात, कुंपणाला टेकून, आणि ते लांबतं म्हणून तिथे दोघांनी बसायला दोन बादल्या उलट्या टाकून ठेवल्या आहेत असं लुएला सांगते.

मी पुढच्याच महिन्यात चर्चमागच्या घरात गेले. सामान हलवायला दोघं आले. ममाचा पलंग दारातून आत जाईना.

"आडवा कर," हॉइट म्हणाला.

"आडवाच आहे. तू उलटा धरलायस."

"पाय सुटे करू या म्हणालो होतो मी."

"तू म्हणाला होतास? मी म्हणालो होतो! ओलेटा, कोण म्हणालं होतं गं?"

मी पायरीवर बसून भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते. शेजारची बहिरी म्हातारी तिच्या ओसरीवरून माझ्याकडे बघून हसली. मी शेंगांचं भांडं घेऊन तिच्याकडे गेले.