मिनिटाला एकशे बारा

गाडी वेळेत पोचली, हुदा सुखरूप बाळंत झाली आणि इंजिनाला काडीचंही काही झालं नाही. पण हे आपल्यातच राहू दे. जैनुद्दीनला यातलं अजून काही माहीत नाही. तो रत्नागिरीच्या माळनाक्यावर एका ऑइलच्या दुकानात तीन डब्यांपुढे उभा आहे. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असंच धरून चालू.

"चाचा, अर्धा तास झाला," दुकानदार हरिश्चंद्र म्हणाला. "पोरगी पसंत करायला पण लोक एवढा वेळ घेत नाहीत."

"बूच उघड. बोटावर घेऊन बघतो."

"सील फोडलंत तर डबा तुमचा."

जैनुद्दीनने अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये 'तेलवाला' म्हणून काढली होती. हे चिडवायचं नाव नव्हे, कागदावरचं पद होतं. तेल अंगठ्यात आणि बोटात चोळायचं आणि ते इंजिनाला साथ देईल की दगा, ते सांगायचं. मोठे इंजिनियर प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघत. तोवर जैनुद्दीन चोळून, हात पुसून, चहा पिऊन मोकळा झालेला असे.

आता मामला जहाजाचा नव्हता, जुन्या मारुतीचा होता. पण त्या मारुतीतून लेकीला, हुदाला न्यायचं होतं. नववा महिना, बाळ उलटं, जावई दुबईत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कळा सुरू झाल्या की दीड तासात इथे आणा. उशीर करू नका." जयगडपासून रत्नागिरीला रस्ता मोकळा असला तर सव्वा तास लागे. म्हणजे इंजिनाला रुसायला पंधरा मिनिटं शिल्लक होती.

कुवेतहून मुलाने, उमेरने फोनवर बजावलं होतं, "अब्बा, सिंथेटिकच टाका. इकडे सगळे तेच टाकतात." इकडे तेवढ्या किमतीत एक बोकड आला असता. परदेशी सिंथेटिक, परवडणारं देशी सिंथेटिक आणि साधं, अशा तीन डब्यांतून जैनुद्दीनने मधलं उचललं, सील फोडलं आणि बोटावर घेतलं.

"हरिश्चंद्रा, हे पाणी हाय!"

"सिंथेटिक पातळच असतं, चाचा."

"पातळ म्हणून परवडतं, की परवडतं म्हणून पातळ?"

हरिश्चंद्रने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

गावातल्या केरू मेकॅनिकने ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी जैनुद्दीनने चावी फिरवली. टक. टक. टक.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. सत्त्याऐंशी साली जहाजावर त्याने असाच आवाज ऐकला होता, वर जाऊन सांगितला होता, आणि साहेब हसले होते. दुसऱ्या दिवशी बेअरिंग जळून इंजिन बसलं. तीन दिवस जहाज लाटांना आडवं पडून होतं. त्या तीन दिवसांत साहेबांनी सगळे देव आठवले आणि जैनुद्दीनने एकच गोष्ट ठरवली: पुन्हा टक-टक ऐकली तर कुणाच्या हसण्याला भीक घालायची नाही.

त्याने जहाजावरची सागवानी दांडी काढली. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. टक. टक. टक.

केरूने दांडी लावून ऐकलं. "चाचा, आवाज नाय."

"बहिरा हायस तू."

ऑइल काढलं. त्यात धातूचा कीस आहे का ते बघायला जैनुद्दीनने ते बायकोच्या, शरीफाच्या मलमलीच्या फडक्यातून गाळलं. कीस नव्हता.

"ते शीरखुर्म्याच्या दुधाचं फडकं होतं," शरीफा म्हणाली. "आता ईदला पाहुण्यांना काय पाजू? ग्रीस?"

मग परदेशी आणलं. टक-टक. मग साधं आणलं. टक-टक. अकरा दिवसांत गाडी तीन तऱ्हेचं ऑइल प्यायली. गाडी तृप्त दिसत होती. जैनुद्दीनच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ओटीवर बसलेली हुदा पोटावर हात ठेवून विचारी, "अब्बा, गाडी कशी हाय?" आणि तो "बेस" म्हणे, तिच्या तोंडाकडे न बघता.

बाराव्या दिवशी केरू वैतागला. "चाचा, मी रेस देतो. आवाज जलद होतो का ते सांगा." त्याने पाय दाबला. गाडी गुरगुरली, परसातल्या कोंबड्या पळाल्या. टक-टक मात्र तशीच राहिली. ना जलद, ना मंद.

"नाय होत," जैनुद्दीन म्हणाला.

"मग तो इंजिनाचा नाय."

केरूने गाडी बंद केली. टक. टक. टक. जैनुद्दीनने दांडी उचलली आणि अंगणातल्या माडाला लावली. माडही टक-टक करत होता. विहिरीचा कठडा करत होता. त्याने घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला एकशे बारा. जहाज पुऱ्या वेगात असताना मोठं इंजिन मिनिटाला एकशे बाराच फेरे घेई.

केरू सुटकेने हसला. "म्हणजे गाडी ठणठणीत!"

जैनुद्दीन खाली बसला. त्याला आता खरी भीती वाटली. उद्या इंजिन खरोखर ठोकू लागलं, तर ते कानातल्या या आवाजाखाली त्याला ऐकू कसं येणार होतं?

दोन दिवसांनी, भरदुपारी, हुदाला कळा सुरू झाल्या. जैनुद्दीनने गाडी अंगणात आणली, हुदाला मागच्या सीटवर आडवं केलं आणि दांडी शरीफाच्या हातात दिली.

"पुढं बस. हिचं टोक इथं खाली टेकव, दुसरं कानाला लाव. आवाज बदलला की सांग."

"मी? मला काय कळतंय इंजिनातलं?"

"मला ऐकू येत नाय, शरीफा."

हे वाक्य त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. शरीफाने त्याच्याकडे एकदा बघितलं, डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि दांडी कानाला लावली.

चढणीवर गाडी मंदावली, तसं जैनुद्दीनने विचारलं, "काय म्हणतंय?"

"चालू हाय."

"कसं चालू हाय?"

"तुमच्यासारखं. कुरकुरतंय पण चालतंय."

मागे हुदा कळ आणि हसू एकदमच आल्यामुळे किंचाळली. एका वळणावर समोरून वाळूचा ट्रक आला. त्याचा हॉर्न जैनुद्दीनला ऐकू आला नाही. शरीफाने दांडी त्याच्या गुडघ्यावर हाणली, म्हणून गाडी बाजूला झाली. त्यानंतर तिने दांडी कानावरून उतरवली नाही, दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबल्यावरही नाही. एक तास दहा मिनिटं लागली होती.

मुलगी झाली. नाव आधीच ठरलं होतं: आयात. नर्सने तिला जैनुद्दीनच्या हातात दिलं. त्याने रिवाजाप्रमाणे तिच्या उजव्या कानात अजान दिली. हळूच दिली असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात वॉर्डातली सगळी बाळं जागी झाली. मग त्याने आपला कान तिच्या छातीला लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"ऐकू येतंय का?" शरीफाने त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं.

"येतंय," तो म्हणाला. येत होते ते तेच एकशे बारा.

घरी परतल्यावर त्याने कंपनीला अर्ज लिहिला. जहाज सात वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं आणि कंपनीच्या दारावरची पाटीही उतरली होती. पण पत्ता त्याला पाठ होता.

"मा. व्यवस्थापक साहेब यांस, खाली सही करणार माजी तेलवाला याचा सविनय अर्ज की, सेवेतून कमी होताना मी कामावर घालायच्या दोन डांगऱ्या, एक पाना व ओळखपत्र जमा केले. परंतु मुख्य इंजिनाचा आवाज नजरचुकीने माझ्याकडे राहून गेला आहे. सदर आवाज कंपनीच्या मालकीचा असल्याने तो परत ताब्यात घेऊन पोच द्यावी. तसेच त्याऐवजी, माझ्या नातीचा श्वास ऐकू येईल इतपत शांतता मंजूर व्हावी, ही विनंती. नवी परवडत नसल्यास वापरलेलीही चालेल."