वीज नसलेल्या इमारतीतला शॉर्टसर्किट

तैवानातल्या आमच्या गावची जुनी नगरपालिका जपान्यांनी बांधली, लाल विटांची. ते गेले, चीनहून दुसरे आले. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, खिळा तोच राहिला. सत्तेचाळीस साली नव्या सरकारने माणसं उचलली, तेव्हा माझी शेजारीण सिओकबी हिच्या मास्तर वडिलांना बैठकीसाठी वर बोलावलं. ते जिना चढले, ते चढलेच. ना प्रेत, ना थडगं. त्यामुळे दर वसंतात पितरांच्या दिवशी सिओकबी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर शेवयांचा वाडगा ठेवायची आणि उदबत्ती लावायची.

पुढे कचेरी नव्या इमारतीत गेली, जुनीची वीज तोडली. मग नगरप्रमुख लिआओ म्हणाले, ही पाडून गाड्यांसाठी जागा करू. ही वारसा इमारत ठरवा, म्हणजे पाडता येणार नाही, असा अर्ज सिओकबीने लिहायला घेतला.

मी म्हटलं, "बाई, अर्ज करू नकोस. आपल्या तैवानात वारशासाठी नाव गेलं की इमारतीला ताप चढतो."

"मग पाडू देऊ?"

"पाडायला निविदा लागते, त्यात वर्षं जातात. जळायला एक दुपार पुरते."

"तू आयुष्यभर लोकांची टिंगल केलीस छिउ, म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं."

तिने अर्ज दिला. समिती गुरुवारी पाहणीला येणार होती. मंगळवारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, नगरपालिका पेटली. कारण निघालं, शॉर्टसर्किट. तोडलेल्या विजेचा एवढा प्रामाणिकपणा मी पाहिला नव्हता. समिती गुरुवारी वेळेवर आली, राखेभोवती फिरली आणि लिहून गेली: पाहणीयोग्य वास्तू आढळली नाही. लिआओंनी सगळ्यांना चहा पाजला.

यंदाच्या वसंतात आम्ही दोघं वाडगा घेऊन गेलो. डांबर, पांढरे पट्टे, गाड्या. सिओकबीने काडी ओढली तशी राखणदार धावत आला. माणूस भला होता.

"आजी, उदबत्ती नको हां. पेट्रोलच्या गाड्या आहेत. आग लागली तर?"

तिने काडी विझवली. बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं.

"छिउ, जिना कुठं होता रे?"

मी एका पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. मलाही नक्की आठवत नव्हतं. ती गुडघे धरत खाली बसली, वाडगा गाडीच्या मागच्या चाकापाशी ठेवला आणि हात जोडले.

"ही गाडी कुणाची आहे?" तिने विचारलं.

"मालक येतील एवढ्यात," राखणदार म्हणाला. "तेवढं लवकर आटपा, आजी."