दारं मोडायची वेळ

वसमतला विश्वंभरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, टीव्हीच्या वर, भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलं होतं : ‘वस्ताद – प्रेमदास’. प्रेमदास म्हणजे मी. मारामारीच्या गेममध्ये दोन वर्षं मला कोणी हरवलं नव्हतं. फुशारकी मारतोय का? हो, मारतोय. निवडणुकीतले उमेदवार सोडले तर आमच्या तांड्यातल्या कोणाचं नाव आजवर भिंतीवर आलेलं नाही.

नियम एकच. वस्तादाला जो हरवील त्याचं नाव चढणार, जुनं खरडलं जाणार. २००७च्या दिवाळीनंतर सेनगावचा जीपवाला तातेराव आव्हान देऊन गेला आणि रविवार ठरला. नेमका त्याच आठवड्यात विश्वंभरनं जुना पेटीसारखा टीव्ही काढून नवा चपटा टीव्ही लावला.

शुक्रवारी सरावाला बसलो, तर समोरच्या चहावाल्यानंही मला लोळवलं. माझा डाव साधा आहे. समोरच्याची लाथ उठताना दिसली की अडवायची आणि लगेच ठोसा द्यायचा. आता मी अडवेपर्यंत लाथ बसलेली असायची.

“रिमोटचं बटण चिकटून राहिलं,” खेळायचा रिमोट पुढं करत मी म्हणालो.

विश्वंभरनं रिमोट उघडून पुसला. फरक शून्य. शिवाय चिकटलेलं बटण कधी दगा देतं, कधी नाही. इथं दर वेळी तेच. मग मी मशीन तापल्याची शंका काढली. पण मशीन दमलं की पडद्यावरचे दोन्ही पहिलवान सारखेच रेंगाळतात, आणि चहावाल्याची लाथ तर झटक्यात येत होती.

“मंग तूच म्हातारा झाला,” विश्वंभर म्हणाला. मी रिमोट आपटून निघून आलो.

खरी तकलीफ वेगळीच होती. बा, म्हणजे माझे वडील बाबूसिंग, कधी कोणाचं कौतुक करत नाही. मी दहावी पास झालो तेव्हा निकाल ऐकून बा म्हणाला, “बैलाला पाणी दाखव.” पण भिंतीवरचं नाव त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, आणि रविवारी मोहनसिंगकाकाला ते दाखवायला आणणार होता. म्हणजे माझं नाव खरडताना बा समोर उभा राहणार.

रविवारी तीन डाव होते. पहिला मी सरळ हरलो. विश्वंभर नाव खरडायची पत्री घेऊनच बसला होता. बा आणि काका माझ्या शेजारी उभे होते. टीव्हीवरचं बाला काही कळत नव्हतं, म्हणून तो माझ्या अंगठ्याकडेच बघत होता.

“प्रेम्या, तुजं बोट आधी दबून राहिलं अन् तिथलं पोरगं मागून हलून राहिलं. काहून रे?”

“बा, मधी बोलू नको ना!”

“पाणी लांबून येऊन राहिलं त्याला. तू सरी भरल्यावर दारं मोडतो का? भरत आली की मोडतो ना?”

मी दहा वर्षांचा असल्यापासून हळदीला पाणी देतोय. सरी काठोकाठ भरेपर्यंत थांबलं तर फुटते, कारण मागून पाणी येतच असतं. म्हणून हातभर कोरडी असतानाच तिचं तोंड मातीनं बुजवून पाणी पुढच्या सरीत सोडायचं. याला आम्ही दारं मोडणं म्हणतो. आता डोक्यात उजेड पडला. बटण ठीक, मशीन ठीक. हा चपटा टीव्हीच चित्र जरा उशिरा दाखवत होता. बाचं बोलणं तातेरावानंही ऐकलं होतं, पण तो जीपवाला. ब्रेक दाबला की गाडी थांबते, एवढंच त्याला ठाऊक.

दुसऱ्या डावात मी लाथेची वाट बघणं सोडलं. लाथ मारण्याआधी तातेरावाचा पहिलवान अर्धं पाऊल मागं घ्यायचा. ते पाऊल हललं की मी बटण दाबायचो. पहिल्यांदा घाई झाली आणि मार खाल्ला. मग बराबर जमलं. दुसरा डाव मारला, तिसरा अगदी थोडक्यात मारला.

“टीव्हीच खराब हाय!” तातेराव ओरडला.

“व्हय, हाय. पन दोघांलाबी सारखाच!” मीही ओरडलो. विश्वंभरनं पत्री खाली ठेवली.

काकानं माझ्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला. बानं भिंतीवरचं नाव एकदा बघितलं आणि म्हणाला, “चला, जीप निघंल.” बस्स. घरापर्यंत मी धुसफुसत होतो. चांगले दोन शब्द बोलला असता तर याचं काय गेलं असतं?

बुधवारी हळदीला पाणी देत होतो. बा पलीकडच्या सरीत खाली वाकून गवत उपटत होता. मान वर न करता म्हणाला,

“रविवारी चांगला खेळला रे तू.”

मी फावडं हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्यासमोर सरी भरली, फुटली, पाणी वरंब्यावरून वाहून गेलं. बानं ते पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यावर एक शब्दही बोलला नाही.